दोन घास दहीभात

शाहूपुरीत, गुळाच्या वखारींच्या मागच्या अंगाला, धैर्यशील सरांचा कुत्र्यामांजरांचा दवाखाना होता. तिथं नर्स व्हायला आलेल्या पोरीच्या हाती पहिले तीन महिने सुई येत नसे. नुसतं धरायला शिकायचं. कुत्र्याची मान कोपराच्या बेचक्यात, मांजर टॉवेलात गुंडाळून, ससा असला तर त्याची पाठ पोटाशी टेकवून. चावलं तरी हात मागं ओढायचा नाही, कारण ओढला की फाटतो. हे संयोगिता मॅडम पहिल्याच दिवशी सांगत आणि सांगताना बाही वर सरकवून दंडावरचा वळ दाखवत. बारा वर्षांची जुनी नर्स. तिचा आवाज ऐकला की पिंजऱ्यातली अल्सेशियनसुद्धा कान पाडून बसायची.

"जीव लावायला आलीयास का धरायला?" कुणी पोरगी पिल्लाच्या डोक्यावरनं हात फिरवताना दिसली की मॅडम विचारायची. "जीव त्येंचं मालक लावत्यात. त्येचंच त्यास्नी बिल देतोय आपण."

निशाला हे सगळं शिकायला वेळ लागला. पेठ वडगावहून सकाळच्या एसटीनं ती यायची. प्राणिशास्त्राची पदवी होती, पण पदवीत बेडकाची हाडं होती, चावणारी कुत्री नव्हती. तिचे हात बुजरे होते. जनावराला ते कळायचं आणि ते जास्तच उसळायचं. मॅडम तिला सगळ्यांदेखत "हळदीच्या हाताची" म्हणायची.

तिच्याकडं एकच गोष्ट होती, आणि ती कुणी शिकवलेली नव्हती. तिला श्वास दिसायचा. घरी तीन वर्षांची लेक होती, संबोधी, तिला बाळदमा. जन्मल्यापासून निशा त्या लेकराच्या बरगड्यांकडं बघत आली होती. छाती किती वर येते, कुठं अडते, नाकपुडी कधी फुलते. भाजी निवडताना, एसटीत बसल्यावर, कुणाशी बोलतानाही तिची नजर समोरच्याच्या छातीवर जायची. भूल दिलेल्या कुत्र्याजवळ तिला उभं केलं, तर यंत्र वाजायच्या आधी ती "सर!" म्हणायची. सर एकदा हसून म्हणाले, "यंत्र विकून टाकूया का, मॅडम? ही त्याच्याआधी बोंबलते."

त्या एका वाक्यावर ती आठ महिने जगली.

कारण घरात मुदत होती. सासूनं, पारूबाईंनी, पहिल्याच दिवशी उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं, "वरीसभर पोर सांभाळते. त्येच्यावर एक दीस न्हाय. नोकरी मिळाली तर जा, न्हाईतर गप घरात बस. माझ्या सासऱ्यानं, धोंडीरामानं, मेलेली ढोरं वढायची सोडली, अख्ख्या गावाशी वैर घेतलं. ते काय नातसुनेनं कुत्र्याचं हागमूत काढावं म्हणून?" निशाचा नवरा संघर्ष तिथंच बुटाची नाडी बांधत होता. ती त्यानं दोनदा बांधली.

वर्ष एका शनिवारी भरत होतं.

आणि जागा एक होती. शिकणाऱ्या दोघी होत्या.

दुसरी शबनूर. कुरुंदवाडची, वीस वर्षांची. जनावरं तिच्या हाताखाली अशी सैल पडायची की जणू तिच्याच घरी जन्मली. घरी मात्र तिची आजी, सुलतानबी, तिला अंगणातल्या नळावर अंघोळ केल्याबिगर आत घेत नसे. "थंडीत बी!" शबनूर हसत सांगायची. "दादी म्हणती, कुत्र्याला शिवून आलीस, सात पाण्यानं धू. मी म्हणतो, दादी, सातवं पाणी संपतंय तवर दुसऱ्या दिवसाची एसटी येती की!" डबा दोघी एकत्र खायच्या. शबनूरच्या डब्यातलं कालवण निशा संबोधीसाठी झाकणात काढून न्यायची. शबनूर संबोधीला अजून भेटलेली नव्हती, पण रोज विचारायची, "बोधीची छाती कशी हाय गं?"

सरांनी दोघींना एकच परीक्षा लावली होती: एका ऑपरेशनला भूल दिल्यापासून शुद्धीवर येईपर्यंत जनावर एकटीनं सांभाळायचं. शबनूरनं मंगळवारी एक डॉबरमन सांभाळला. तो शुद्धीवर आला तो तिचा हात चाटतच. मॅडमनंसुद्धा "बरं झालं" म्हटलं, आणि मॅडमच्या तोंडी ते शब्द निशानं वर्षात पहिल्यांदा ऐकले. निशाची पाळी शनिवारी होती. रविवारी सर पंधरा दिवसांसाठी परगावी निघणार होते.

शनिवारी साडेनऊला गुळाचे व्यापारी गणपतराव आले. मागं त्यांची आई, आक्का. आक्कांच्या साडीला घासत त्यांची मैना, आठ वर्षांची पिवळसर लॅब्रेडॉर, पोट जमिनीला टेकायचं बाकी. तिच्या सडाशेजारी लिंबाएवढी गाठ होती, ती काढायची होती. गणपतराव कानाला फोन लावून कुणाशी तरी ढेपांच्या भावावरनं भांडत होते.

काउंटरवर शबनूर होती. "काका, रात्री आठनंतर खायला काय दिलं न्हाय नव्हं?"

"न्हाय न्हाय. सही कुठं?" गणपतरावांनी फोन खांद्यानं दाबून सही ठोकली.

"आक्का, उपाशीच हाय नव्हं? पाणी बी न्हाय?"

"व्हय बाई, व्हय." आक्कांनी पदर तोंडाला लावला.

शबनूरनं फॉर्मवर 'उपाशी'पुढं खूण केली, खाली आपलं नाव लिहिलं. निशा दोन हातांवर मैनाला वजनकाट्यावर चढवत होती. तिनं प्रश्नही ऐकला आणि उत्तरही.

आतल्या दारापाशी आक्कांनी निशाचं मनगट धरलं.

"पोरी, एक सांगू? गण्याला बोलू नको, वराडतंय मला." त्यांनी मागं बघितलं. "निघताना दोन घास दहीभात घातलाय तिला. मोठ्या कामाला निघालेल्याला रिकाम्या तोंडानं कुणी धाडतंय का? गण्या बोर्डाच्या परीक्षेला निघाला तवा घातला, सून बाळंतपणाला निघाली तवा घातला. समद्यांचं गोमटं झालं. हिनं काय पाप केलंय?"

"कधी घातलात?"

"आत्ता गं, निघताना. साडेआठ झालं असतील."

"दोनच घास?"

आक्कांनी ओंजळ करून दाखवली. ती दोन घासांची नव्हती.

करायचं होतं ते सोपं होतं. दहा पावलं आत जायचं आणि म्हणायचं, सर, हिच्या पोटात अन्न आहे. भूल देताना पोटातलं वर येतं, घशातनं फुप्फुसात उतरतं, जनावर स्वतःच्याच खाल्ल्या घासात बुडतं. हे तिनं स्वतःच्या वहीत लाल शाईनं लिहिलं होतं. सर म्हणाले असते, आज नको. मैना पंधरा दिवसांनी आली असती. आणि निशा पेठ वडगावच्या घरात चुलीपुढं बसली असती, कारण पारूबाई शब्दाच्या पक्क्या होत्या.

तिनं मैनाच्या छातीकडं बघितलं. वर, खाली, वर, खाली, निवांत. एवढं मोठं धूड, ओंजळभर भात. कुत्र्याचं पोट लवकर रिकामं होतं असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते आठवेना, आणि आठवायला ती फार थांबली नाही.

"बरं," ती आक्कांना म्हणाली. "तुम्ही बसा बाहेर."

"देवासारखी हाईस गं," आक्का म्हणाल्या.

टेबलावर मैना स्वतःहून आडवी झाली. सरांनी पुढच्या पायाला सुई लावली. "निशा, तुझी परीक्षा. मी काही बोलणार नाही." औषध गेलं, मैनाचा जबडा सैल पडला, जीभ बाहेर आली. मॅडम घशात घालायची नळी उचलत होती, तेवढ्यात निशाला बरगड्यांत एक उलटा झटका दिसला. दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता.

"सर, उलटी!"

तिनं मान खाली घातली, टेबलाचं टोक उचललं, बोटं घशात घातली. पांढरं, आंबट, गुठळ्यागुठळ्यांचं बाहेर आलं, पण त्याआधी जायचं ते आत गेलं होतं. मॅडमनं घशातलं ओढून घ्यायला सक्शनची नळी लावली. सरांनी ऑक्सिजन सोडला, मग इंजेक्शनं, मग दोन्ही हातांनी छाती दाबली. अर्धा तास. मैनाची जीभ आधी जांभळी झाली, मग राखी. निशा मोजत राहिली. मोजायला काही नव्हतं तरी मोजत राहिली.

"सोड आता," मॅडम म्हणाली.

सरांनी हातमोजे काढून बादलीत टाकले. मॅडमनं सक्शनची बाटली उजेडाकडं धरली, नाकाशी नेली. "भात हाय. दहीभात." तिनं बाटली निशाच्या तोंडासमोर आणली. "घे वास. विसरू नको हा वास. ऑपरेशनच्या कुत्र्याला सकाळी सकाळी दहीभात. फॉर्म कुणी भरलाय?"

सरांनी फॉर्म उचलला. खाली नाव स्वच्छ अक्षरात होतं.

बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं होती. सरांनी सांगितलं तेव्हा आक्का खुर्चीवरनं घसरून जमिनीवरच बसल्या. गणपतरावांनी फोन खिशात घातला आणि मग जो आवाज लावला तो वखारीपर्यंत गेला.

"गाठ काढायला आणलीती का मारायला? आं? भात खाल्लेल्या जनावराला भूल देताय तुमी?"

"तुम्ही उपाशी आहे म्हणून सही केलीय, गणपतराव."

"मला कुणी इचारलं? सही कर म्हणाली, केली! आई, तुला इचारलं का कुणी?"

आक्का वर बघेनात. सगळी खोली त्यांच्या तोंडाकडं बघत होती. त्यांनी पदराची गाठ सोडली, परत बांधली. मग बोट उचललं आणि काउंटरकडं केलं.

"त्या पोरीनं नुसती सही घेतली. मला काय इचारलंच न्हाय. इचारलं असतं तर मी घातला असता व्हय गं घास, माझ्या लेकराला?" आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांना खरंच रडू फुटलं.

"आक्का!" शबनूर काउंटरच्या बाहेर आली. "मी इचारलं की तुमाला! तुमी व्हय बाई व्हय म्हणालासा!"

"म्हातारीला खोटं पाडतीस?" गणपतराव म्हणाले.

कोपऱ्यात पामेरियन मांडीवर घेऊन बसलेला एक इसम, ज्याचा यात काडीचा संबंध नव्हता, तो हळूच म्हणाला, "पावणं, त्यांच्यात कुत्रं शिवत न्हाईत. त्यांस्नी काय माया?" दोघंतिघं मान हलवून "व्हय की" म्हणाले. दारातल्या एकीनं आपलं मांजर दुसऱ्या काखेत घेतलं, शबनूर होती त्याच्या उलट्या बाजूच्या.

शबनूरनं त्या इसमाकडं बघितलंही नाही. ती निशाकडं वळली. तिच्या तोंडावर भीतीसुद्धा नव्हती. उत्तर ठाऊक असलेल्या पोरीसारखी ती उभी होती. "ताई, तू काट्यापाशी होतीस की. सांग सरांना. तूच ऐकलंस."

सरांनी निशाकडं बघितलं. मॅडमनं बघितलं. जमिनीवरनं आक्कांनी बघितलं, आणि त्या म्हाताऱ्या डोळ्यांत काय होतं ते निशाला लख्ख दिसलं. तू बोललीस तर मी बोलेन. तू गप्प तर मी गप्प.

"मी आत होते, सर," निशा म्हणाली. "मी काही ऐकलं नाही."

शबनूरचा श्वास अडकला. निशाला तोही दिसला.

गणपतराव मैनाला चादरीत घालून घेऊन गेले. गाडीत बसताना आक्कांनी निशाच्या गालावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सगळ्यांना भरून आलं.

दुपारी सरांनी निशाला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात तिची शिकाऊ वही होती. "कुत्री गेली, ते वेगळं. पण उलटी तू पाहिलीस. मान खाली, टोक वर, मी सांगायच्या आधी. माझं चुकलं असतं, तुझं नाही चुकलं." त्यांनी शेवटच्या पानावर सही केली, शिक्का मारला. "सोमवारपासून कायम. मॅडमच्या हाताखाली. आणि निशा, असा प्रसंग येतो तेव्हाच माणूस कळतं."

"थँक्यू सर," निशा म्हणाली. वही तिनं दोन्ही हातांनी घेतली.

मॅडम दारात उभी होती. निशा बाजूनं जाताना तिनं वाट सोडली नाही. "काट्यापाशी होतीस तू," ती हळू आवाजात म्हणाली. "मी खिडकीतनं बघितलं. दहा वाजायला कमी होतं." निशाच्या हातातली वही वाकली. मॅडमनं ती तिच्या हातातनं काढून घेतली, सरळ केली, परत दिली. "घाबरू नको. मी कशाला सांगतोय? मला बी हाताखाली असलीच पाहिजे, जी माझ्यापुढं मान वर करणार न्हाय. त्या पोरीची मान लई ताठ."

शबनूर मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यावर बसली होती. पिशवी भरून झाली होती: ॲप्रन, डबा, चपला. मांडीवर कोरा कागद होता. सरांनी सांगितलं होतं, हयगय झाली असं लिहून दे, म्हणजे गणपतराव पोलिसात गेले तर दवाखान्याला कागद राहील. दिलास तर दुसरीकडं कुठं कामाला लागलीस तर मी आडवा येणार नाही. नाही दिलास तर कोल्हापुरात कुणी तुला दारात उभं करणार नाही.

"ताई," निशा आत आल्यावर ती म्हणाली. रडून झालं होतं. "आक्कानं तुझा हात धरलाता. आतल्या दाराला. मी काउंटरवरनं बघितलो. काय म्हणत होती?"

"काही नाही. पोरीला सांभाळ म्हणाली."

"मैनाला?"

"हो."

"दहीभाताचं काय बोलली न्हाय?"

"नाही गं."

शबनूरनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "बोधीची शप्पथ घे."

निशाच्या घरात शपथा घेत नसत. शपथ, नवस, उतारा, हे सगळं धोंडीरामानं ढोरांबरोबर गावकुसाबाहेर टाकलं होतं, आणि निशा कॉलेजात यावर भाषण करून बक्षीस घेऊन आली होती. पण लेक झाल्यापासून तिनं कुणालाही, भांडणातसुद्धा, तिच्या पोरीचं नाव असं तोंडात घेऊ दिलं नव्हतं. वही पोटाशी होती, शिक्क्याची शाई अजून ओली असेल म्हणून तिनं ती जरा दूर धरली.

"बोधीची शप्पथ," ती म्हणाली.

काही झालं नाही. पंखा फिरत राहिला. पिंजऱ्यात एक पिल्लू केकाटत होतं, तेही थांबलं नाही.

शबनूरचे खांदे मात्र खाली आले. चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि त्या जागी दुसरंच काही आलं, जे निशाला बघवेना. "मग आक्का खोटं न्हाय बोलली. मीच न्हाय इचारलं," ती म्हणाली. "रोजच इचारतो ना, सगळ्यांना. त्यामुळं मला वाटलं आसंल, आज बी इचारलं. व्हय बाई व्हय, ते कुणा दुसरीचं आसंल. कालच्या त्या मांजरवालीचं." तिनं कपाळावर हात मारला. "काय गं माझं डोकं! आणि मी म्हातारीला खोटं पाडलं, सगळ्यांच्या म्होरं. तिचं लेकरू मारून वर तिलाच खोटं पाडलं. दादी म्हणत हुती, हे जनावराचं काम तुला शोभत न्हाय. खरं हुतं तिचं."

तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं ते निशाला ठाऊक होतं, म्हणून दात आवळून ती उभी राहिली.

"ताई, तूच लिही." शबनूरनं कागद पुढं केला. "माझं मराठी ते असलं. तुझं कॉलेजातलं हाय. अक्षर बी चांगलं. शेवटचं एवढं कर."

निशा खोक्याच्या कडेला टेकली. पेन तिच्याच खिशात होतं. तिनं लिहिलं. मी, शबनूर मीरासाब नदाफ, राहणार कुरुंदवाड. वाक्यं आपोआप येत गेली, एकापाठोपाठ एक, कुठं अडखळ नाही, खाडाखोड नाही. मैना या कुत्रीस दाखल करून घेताना तिला अन्न दिले आहे किंवा कसे, हे मी विचारावयास हवे होते. ते मी विचारले नाही. माझ्या गप्प राहण्याने तिचा जीव गेला.

"गप्प राहण्यानं?" शबनूर खांद्यावरनं वाचत होती. "न्हाय ताई, ते कसंतरीच वाटतंय. मी कुठं गप्प हुतो? सरांनी सांगितलंय 'हयगय' लिही म्हणून."

निशानं ते वाक्य खोडलं. एवढीच एक खाडाखोड झाली. वर 'हयगय' लिहिलं.

शबनूरनं कागद मांडीवर घेऊन सगळा वाचला, ओठ हलवत. "लई छान लिहिलंस," ती म्हणाली, आणि निशाचं पेन घेऊन खाली नाव घातलं. मग पेन तसंच कागदावर टेकवून थांबली.

"आज तारीख किती गं?"

निशानं सांगितली. तिला कॅलेंडर बघावं लागलं नाही. वर्षभर ती हीच तारीख मोजत आली होती.